ठासणीच्या रायफलीसाठी काळ्या दारूचा पर्याय

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या रायफलीसाठी काळ्या दारूऐवजी (जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूऐवजी) दुसरी दारू निवडताना मी आधी रायफलीत दारू कशी पेटते ते पाहतो. चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) रायफलीत हे पर्याय बहुधा दगा देतात, कारण त्यांना पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते. तिथे मूळ काळी दारूच बरी. पायरोडेक्स ही पर्यायी दारू टोपीवर (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या धातूच्या छोट्या टोपीवर) चालते, पण तिच्यात पर्क्लोरेट हा क्षार असल्याने नळी लगेच धुतली नाही तर गंज ठरलेला. ट्रिपल सेव्हन या दुसऱ्या पर्यायी दारूत गंधक नाही, त्यामुळे सडक्या अंड्यांचा वास टळतो आणि नळी साध्या पाण्याने स्वच्छ होते. मात्र तिचा जोर अधिक असल्याने ती काळ्या दारूपेक्षा आकारमानाने सुमारे १५ टक्के कमी घ्यावी लागते, शिवाय गोळी बसते तिथे काजळीचे कडक कडे धरते आणि पुढची गोळी ठासताना गज तिथेच अडतो. (मला हा त्रास परवडतो.) ब्लॅकहॉर्न २०९ ही पर्यायी दारू मात्र रायफलीत २०९ प्रायमर (शॉटगनच्या काडतुसातला, टोपीपेक्षा जोरदार ज्वाला देणारा पेटवणारा तुकडा) असेल तरच घ्यावी.