झिंक धानाला, उरलेलं गव्हाला

पावसाळ्यात धान, आणि तलावाचं पाणी पुरलं तर त्याच बांधीत गहू. भंडारा-गोंदियाकडे ओलीत असलेल्या कितीतरी शेतकऱ्यांचं असंच चालतं. भात-गहू म्हटलं की लोकांना पंजाब आठवतो, ते सोडा.

आमच्या मोरांड (इकडची धानाची माती) मातीच्या ठरावीक बांध्यांत रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी धान जागच्या जागी बसायचं. फुटवा नाही, खालच्या पानांवर गंज चढल्यासारखे तांबूस ठिपके आणि कोवळ्या पानाची मधली शीर बुडाशी पांढुरकी. गावात याला सरसकट करपा म्हणतात, आणि दुकानदार लगेच बुरशीनाशकाची बाटली पुढे करतो. कृषी सहायक मॅडम बांधीत उतरल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, करप्याचा ठिपका डोळ्यासारखा असतो, दोन्हीकडे निमुळता. हा तसा दिसतो का?" नव्हताच. हा खैरा होता. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. वाय. एल. नेने यांनी 1966 सालीच दाखवून दिलं होतं की खैऱ्याचं मूळ झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या, कमतरतेत आहे. आम्ही आपले बुरशी मारत बसलेलो.

उन्हाळ्यात माती तपासायला दिली. नमुना लोखंडी फावड्याने खणून पत्र्याच्या बादलीत गोळा करायचा नाही, कारण त्या बादलीला झिंकचाच मुलामा असतो. लाकडी खुरपं आणि प्लास्टिकचं घमेलं वापरलं. अहवालात झिंक 0.38 पीपीएम (मातीच्या दहा लाख भागांत 0.38 भाग) आलं, 0.6 च्या खाली गेलं की कमतरता धरतात. शिवाय धानात पाणी साचून राहिलं की मातीत आहे तेवढं झिंकही अडकून बसतं, मुळांना मिळत नाही.

खरी कसरत खरेदीची. झिंक सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट, दोन्हींचे खडे दिसायला सारखेच, भावात मात्र मोठा फरक. मॅडमनी सोपी युक्ती सांगितली. एका ग्लासात डीएपी खत विरघळवून वरचं पाणी घ्यायचं, दुसऱ्यात दुकानातलं झिंक विरघळवायचं आणि दोन्ही एकत्र ओतायचं. झिंक असेल तर दह्यासारखा घट्ट साका धरतो. पहिल्या दुकानातला माल ओतला, पाणी होतं तसंच राहिलं. पोतं परत केलं. दुकानदाराने कुरकुर केली, पण पैसे दिले. दुसरीकडच्या मालाचा साका बघता बघता तळाशी बसला.

तो साका बघून आणखी एक गोष्ट डोक्यात शिरली. डीएपी आणि झिंक एकाच घमेल्यात कालवून फेकलं तर बांधीतही हेच होणार, दोन्ही वाया. आमच्याकडे मजुरी वाचवायला सगळे तेच करतात. मी डीएपी आधी दिलं आणि 21 टक्के झिंक असलेलं झिंक सल्फेट एकरी 10 किलो, शेणखतात मिसळून, शेवटच्या चिखलणीला वेगळं टाकलं. 33 टक्क्यांचं असेल तर साडेसहा किलो पुरे. एक बांधी मुद्दाम कोरी, झिंक न देता ठेवली.

एका कोपऱ्यात तरीही तांबूसपणा दिसला. तिथे 15 लिटरच्या पंपाला 75 ग्राम झिंक सल्फेट आणि त्याच्या निम्मा चुना घेऊन फवारलं. चुना नसेल तर पान भाजतं. चुना रात्री भिजवून वरची निवळीच घ्या आणि ती फडक्यातून गाळा, नाहीतर नोझल तुंबतं आणि अर्धा दिवस पिन घालून फुंकण्यात जातो.

गव्हाला झिंक दिलंच नाही. धान त्यातलं थोडंच उचलतं, बाकीचं मातीत राहतं आणि गव्हाला पुरतं. कोऱ्या बांधीतल्या गव्हाची पानं मात्र मधोमध फिकट पडून तिथेच मोडल्यासारखी लोंबत होती. धुऱ्यापलीकडचा गहू हिरवागार. बाबांनी दोन्हीकडची पानं उपटून शेजाऱ्यांना नेऊन दाखवली.

आता कोऱ्या बांधीला येत्या चिखलणीत झिंक द्यायचं. बाकीच्या बांध्यांना दोन-तीन पिकं तरी पुन्हा टाकायचं नाही. त्यानंतर माती तपासूनच ठरवू.