काकडी आणि मध

टॉलस्टॉयची ‘ॲना कॅरेनिना’ ही कादंबरी मी पहिल्यांदा हातात घेतली ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत, आणि खरे सांगायचे तर तेव्हा ती मी पुरी केलीच नाही. सातव्या भागाच्या शेवटी ॲना मालगाडीखाली स्वतःला झोकून देते. ज्या मेणबत्तीच्या उजेडात ती आजवर दुःखाने भरलेले पुस्तक वाचत आली होती, ती एकदा भडकून उठते, फडफडते आणि कायमची विझते. यापुढे काही लिहिण्यासारखे उरूच शकत नाही, असे मला वाटले. उरलेली पन्नासेक पाने चाळली तर त्यांत सर्बियातले युद्ध, स्वयंसेवकांनी भरलेल्या गाड्या आणि कुणा जमीनदाराच्या शेतावरची मळणी होती. मी पुस्तक मिटले आणि वाचनालयात परत करून टाकले.

या बाबतीत मला मोठी सोबत होती, हे पुढे कळले. ही कादंबरी ज्या ‘रशियन हेरल्ड’ मासिकातून 1875 पासून क्रमशः प्रसिद्ध होत होती, त्याचे संपादक कात्कोव यांनी आठवा भाग छापलाच नाही. अर्थात त्यांचे कारण माझ्यासारखे आळशीपणाचे नव्हते. तुर्कांविरुद्ध लढायला सर्बियाला निघालेल्या रशियन स्वयंसेवकांबद्दल टॉलस्टॉयने जे लिहिले होते ते त्यांना पटण्यासारखे नव्हते. नायिकेच्या मृत्यूबरोबर कादंबरी खरे तर संपलीच आहे, असे सांगून मासिकाने वाचकांची बोळवण केली, आणि टॉलस्टॉयने 1877 मध्ये तो भाग स्वतंत्र पुस्तिका म्हणून छापून घेतला.

दुसऱ्या वेळी मी हा भाग वाचला तो बऱ्याच वर्षांनी, आमच्या घरात एक मृत्यू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते तेव्हा. कैरीचे लोणचे दरवर्षीप्रमाणे घातले गेले होते. कुणी मोठ्याने हसले की बाकीचे अजून क्षणभर गप्प होत, पण तो क्षणही दिवसेंदिवस आखूड होत चालला होता. आठवा भागही ॲनाच्या मृत्यूनंतर सुमारे दोन महिन्यांनी सुरू होतो, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आले.

आणि तो सुरू होतो कशाने, तर कादंबरीतला दुसरा नायक, जमीनदार लेविन, याचा सावत्र भाऊ सर्गेई इव्हानोविच याने सहा वर्षे खपून लिहिलेल्या विद्वत्तापूर्ण ग्रंथाला कुणी विचारले नाही, या हकिकतीने! मागच्याच पानावर जिचा जीव गेला तिचे नावसुद्धा नाही. पुढे स्टेशनवर ॲनाचा सख्खा भाऊ स्तिवा भेटतो. बहिणीच्या शवावर पडून आपण हंबरडा फोडला होता याचा त्याला पार विसर पडला आहे, आणि तो स्वयंसेवकांच्या निधीत पाच रूबलची नोट मोठ्या दिलदारीने टाकतो. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. असा एक मामा किंवा काका प्रत्येक घरात असतो.

ॲनाचा प्रियकर व्रॉन्स्की मात्र विसरलेला नाही. स्वतःच्या खर्चाने घोडेस्वारांची तुकडी घेऊन तो मरायलाच निघाला आहे. पण टॉलस्टॉय त्याला नुसते शोकमग्न ठेवत नाही, त्याचा एक दात दुखत ठेवतो. आपण माणूस म्हणून संपलो आहोत, असे तो सांगू पाहतो आणि त्या ठणक्याने त्याला धड बोलता येत नाही. मग त्याची नजर रुळांवरून सरकत येणाऱ्या चाकांवर पडते, स्टेशनातल्या मेजावर ठेवलेला तिचा देह डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि दातदुखीचा त्याला विसर पडतो. दुसऱ्या कुणा लेखकाने इथे वादळी पाऊस आणला असता.

तरीही मी पुनःपुन्हा उघडतो ते पान याच्यानंतरचे, लेविनच्या मधमाश्यांच्या बागेतले आहे. उन्हाळ्याची दुपार आहे, पाहुणे सावलीत बसले आहेत. डॉली मुलांना काकड्या आणि मध वाटते आणि सहज बोलावे तशी म्हणते की, सर्गेई इव्हानोविच इकडे येताना गाडीत कोण भेटले ठाऊक आहे का, व्रॉन्स्की, तो सर्बियाला चालला आहे! ही डॉली म्हणजे ॲनाची वहिनी. जिच्यामुळे तिचा मोडू घातलेला संसार सावरला, ती नणंद जाऊन दोन महिने होतात, आणि तिचे नाव कुणाच्याच ओठांवर येत नाही. ते त्याला शोभते, एवढेच लेविन म्हणतो आणि स्वयंसेवक अजून जात आहेत का, असे भावाला विचारतो. भाऊ उत्तर देत नाही. मधाच्या पोळ्यातून गळलेल्या मधात एक मधमाशी जिवंत चिकटली आहे, तिला तो बोथट सुरीने जपून बाहेर काढत असतो. त्याच्याऐवजी बोलतो तो दुसरा पाहुणा, प्राध्यापक कातावासोव. काल स्टेशनवर काय गर्दी होती ती बघायला हवी होती, असे सांगत तो काकडीचा कडकडून घास घेतो. ‘स्टेशन’ हा शब्द उच्चारला जातो आणि कुणी दचकत नाही. आमच्याकडेही त्या दिवसांत ‘आयसीयू’ हा शब्द कुणी पहिल्यांदा सहज बोलून गेले, तेव्हा मी समोरच्या ताटाकडे पाहिले होते, आणि ताटात कोशिंबीर होती.

स्लाव बांधवांवरचा पुढचा वाद मी आजही भराभर उलटतो, तो मला कंटाळवाणाच वाटतो. लेविनची गोष्ट निराळी. घरदार, बायको, तान्हे मूल सगळे असूनही तो गळफास घेण्याच्या भीतीने दोरी लपवून ठेवतो, बंदूक घेऊन बाहेर पडायला घाबरतो. म्हणजे ज्या टोकावरून ॲना खाली गेली, त्याच टोकाशी हाही उभा आहे, फक्त शेतावरच्या फ्योदोर या शेतकऱ्याचे, आत्म्यासाठी जगण्याबद्दलचे एक साधे वाक्य त्याच्या कानी वेळेवर पडते. त्याला जे उमगले ते त्याच्याइतके मला कधी उमगले नाही. मात्र त्यानंतरही आपण गाडीवान इव्हानवर असेच डाफरणार आहोत, ही त्याची कबुली मला पटते.

शेवटच्या प्रकरणात तो गच्चीवर उभा राहून चांदण्यांकडे पाहत असतो. त्याची बायको किटी येते. आपल्याला जे सापडले ते तिला सांगावे, असे त्याच्या अगदी ओठांवर येते, तोच ती म्हणते की, जरा कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन पाहून ये, सर्गेई इव्हानोविचची नीट सोय झाली आहे का, आणि तोंड धुण्याचे नवे स्टँड ठेवले आहे का. जातो, नक्की जातो, असे म्हणून लेविन तिचे चुंबन घेतो आणि सांगायचे ते मनातच ठेवतो. स्टँड ठेवले होते की नाही, हे मात्र टॉलस्टॉय सांगत नाही.