कोकणातल्या काशी

काशी हे नाव एका शहरापुरते कधीच राहिले नाही. हिमालयात उत्तरकाशी आणि गुप्तकाशी आहेत, तमिळनाडूत तेनकाशी आणि शिवकाशी आहेत, आणि आपल्याकडे पैठण, वाई व कोल्हापूर या तिन्ही गावांना ‘दक्षिण काशी’ म्हटले जाते. कोकण किनाऱ्यावर हा मान हरिहरेश्वराला आणि कुणकेश्वराला मिळाला असून या दोहोंच्या मध्ये, राजापूरजवळ, साक्षात गंगा अवतरते. ही ठिकाणे एकाच प्रवासात पाहावीत आणि कोणी काशीचे नेमके काय घेतले आहे ते ताडून बघावे, या हेतूने मी श्रीवर्धनहून दक्षिणेकडे निघालो.

हरिहरेश्वरात काशी जाणवते ती दर्शनाच्या क्रमातून. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव, असा इथला रिवाज आहे. काशीतही काळभैरव नगरीचा कोतवाल मानला जातो आणि त्याच्या दर्शनावाचून यात्रा पुरी होत नाही, हे लक्षात घेतले की या क्रमाचा अर्थ उलगडतो. देवळामागून प्रदक्षिणामार्ग डोंगर चढतो आणि दोन कड्यांमधल्या अरुंद पायऱ्यांनी थेट समुद्राशी उतरतो. लाटांनी कोरून जाळीदार झालेल्या खडकांवरून पुढे चालायचे असते. ही वाट ओहोटीलाच मोकळी असते आणि भरतीत जिवावर बेतते, तेव्हा वेळ विचारूनच खाली उतरावे. याच परिसरात विष्णुपद आहे आणि तिथे पितरांसाठी पिंडदान होते. विष्णुपद ही खरे तर गयेची खूण. परंतु काशीला जाणारा यात्रेकरू गया आणि प्रयागही जोडूनच करीत असे, त्यामुळे कोकणाने काशीबरोबर गयाही जवळ आणली, यात मला काही विसंगत वाटत नाही. पेशव्यांचे हे कुलदैवत. रेल्वे नव्हती तेव्हा काशीयात्रेला महिनेच्या महिने लागत आणि निघणारा माणूस परत येईल याची खात्री नसल्याने सर्वांचा निरोप घेऊनच उंबरठा ओलांडत असे. अशा काळात गावाजवळच्या या खडकाचे मोल किती असेल, याचा विचार मी बराच वेळ करीत राहिलो.

बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो. पुढे दाभोळची आणि जयगडची खाडीही तशीच पार केली. रत्नागिरीत राजिवड्याचा काशीविश्वेश्वर वाटेतच लागतो.

राजापूरला मात्र मुक्काम केला, कारण माझ्या मते या साऱ्या प्रवासातले सर्वांत विलक्षण स्थान तेच आहे. उन्हाळे गावाच्या वरच्या सड्यावर दगडी आवारात चौदा कुंडे आहेत. त्यांतल्या एकाचे नाव काशीकुंड असून त्याला गोमुख आहे. मी गेलो तेव्हा गंगा आलेली नव्हती आणि कुंडे कोरडी होती. साधारण तीन वर्षांनी एकदा जमिनीतून पाणी उसळते, काही महिने वाहते आणि आपोआप नाहीसे होते. हा काळ नेहमी सारखा नसतो, कधी ती लवकर येते तर कधी वाट पाहायला लावते. भूगर्भातील पोकळीत साठलेले पाणी ठरावीक पातळी गाठल्यावर वक्रनलिकेसारखे ओढले जाते, असे त्याचे एक शास्त्रीय स्पष्टीकरण दिले जाते. मला ते पटते, आणि त्यामुळे गंगेविषयीचा आदर यत्किंचितही उणावत नाही. काशीची गंगा बारमाही आहे, राजापूरची गंगा पाहुणी आहे. म्हणूनच ती आल्याची वार्ता कळताच चाकरमानी मुंबईहून धावत येतात. स्नानानंतर खाली उन्हाळ्याच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर आणि मग धोपेश्वराला धूतपापेश्वराच्या दर्शनाला जाण्याची पद्धत आहे. काशीच्या पंचगंगा घाटावर ज्या पाच नद्यांचा संगम मानतात त्यांत एक धूतपापा आहे. या दोन नावांचा परस्परसंबंध मी जोडू पाहत नाही, पण मृडानीच्या धबधब्याजवळ उभे असताना ती नदी मला आठवल्याशिवाय राहिली नाही.

देवगड तालुक्यातले कुणकेश्वर अगदी वाळूला लागून आहे. वादळातून वाचलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याने हे देऊळ उभारल्याची कथा इथे सांगतात, आणि त्याहून मला आवडलेली कथा अशी की काशीत १०८ शिवलिंगे, तर इथे १०७. कोकणच्या काशीने मूळ काशीशी बरोबरी साधण्याइतके जवळ जाऊन एक लिंग कमी ठेवावे, यातला विनय मला फार मोठा वाटतो. ओहोटीला किनाऱ्याच्या खडकातली लिंगे उघडी पडतात. भरतीला त्यांच्यावर अभिषेक समुद्रच करतो. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते आणि गावोगावच्या देवस्वाऱ्या वाजतगाजत समुद्रस्नानाला येतात. ज्यांना देवांची ही गर्दी पाहायची असेल त्यांनी जत्रेत जावे. लिंगे नीट पाहायची असतील तर मात्र एरवीच्या दिवशी, ओहोटीची वेळ साधून जावे.