चेन कंबरेपाशी अडली

शिलाई मशीनच्या बोटभर लोखंडी तुकड्यासाठी मी डोंबिवली स्टेशनजवळच्या एका दुकानात तीन चकरा मारल्या. तो तुकडा आज माझ्या बटणांच्या डब्यात पडून आहे. वनपीस त्याच्याशिवायच पुरा झाला.

मूळ कटिंग माझ्या लाडक्या कुर्तीचं. शिवणक्लासात खाकी कागदावर काढलेलं, घड्यांवर चिकटपट्ट्या लावून लावून जगवलेलं. पुढे बटणपट्टी, कंबरेत जराशी आत, बाही कोपरापर्यंत. नवं काही शिवायचं म्हटलं की हात त्याच कागदाकडे जातो. यंदा मंगळदास मार्केटात निळ्या जमिनीवर केशरी फुलांचं सुती कापड दिसलं आणि ठरवलं, या वेळी कुर्ती नाही, घेरदार वनपीस.

बदल तसे तीनच होते. कागद खांद्यापासून 15 इंचांवर आडवा कापला आणि तिथे जोडणीसाठी अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, वाढवली. ही माया विसरलात तर कंबर वर चढते आणि मग आयुष्यभर वनपीस खाली ओढत बसा. खाली चुण्यांचा घेर दिला. तिसरा बदल म्हणजे बटणपट्टीला रजा. एवढी मोठमोठी फुलं, मधोमध पट्टी आली की प्रत्येक फुलाचे दोन तुकडे होणार. म्हणून पुढचा भाग कापडाच्या घडीवर अखंड कापला. घडीवर कागदाची कड ठेवायची नसते, मधली रेघ ठेवायची. नाहीतर पट्टीची रुंदी दोन्हीकडून वाढते आणि गळा लोंबतो. एवढी हुशारी मी दाखवली. पण पट्टी काढल्यावर आपण आत शिरणार कुठून, हा प्रश्न मात्र सुचला नाही.

बरं, आधी जुन्या चादरीचा नमुनाही करून पाहिला होता. पण त्याच्या बाजू टाचण्यांनी जोडलेल्या. अंगावर छान बसला, उतरवताना टाचण्या काढल्या, झालं. खऱ्या कापडाच्या दोन्ही बाजू मशीनवर शिवून डोक्यातून घातला तेव्हा हिशेब कळला. कंबर तयार 31 इंच आणि ती उतरवायची 37 इंचांच्या छातीवरून. दोन्ही हात वर, तोंड फुलांत आणि वनपीस काखेत अडकलेला. आई म्हणाली, "ओढू का गं?" मी आतून ओरडले, "ओढू नकोस, फाटेल!" शेवटी तिनेच उभ्या उभ्या डावी शिवण उसवून मला बाहेर काढलं.

म्हणजे डाव्या बाजूला चेन आली. साधी चेन फुलांत उठून दिसली असती, म्हणून शिवणीत लपणारी आणली, 16 इंचांची. त्या चेनचे दात आतल्या बाजूला मुडपलेले असतात. शिलाई दातांना अगदी खेटून जावी लागते आणि त्यासाठी खाली दोन खाचा असलेला वेगळा फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा मशीनचा तुकडा, मिळतो. तो आणायला गेले. दुकानदार म्हणाले, "गुरुवारी माल येतो." गुरुवारी गेले तर, "शनिवारी बघा." शनिवारी मिळाला. मी विचारलं, "घरच्या काळ्या मशीनला बसेल ना?" "ताई, सगळ्या मशीनला बसतो हा."

नाही बसला. तो कारखान्यातल्या मोठ्या मशीनचा, उंच दांड्याचा फूट. माझं आईच्या वेळचं पायमशीन, त्याला आखूड दांड्याचा लागतो. स्क्रूला लावला की फूट थेट कापड पुढे सरकवणाऱ्या मशीनच्या खालच्या दातांवर टेकतो, वर उचलला तरी कापड सरकवायला जागाच उरत नाही. परत द्यायला गेले तर विकलेला माल परत नाही. म्हणून सांगते, फूट घ्यायला जाताना आपल्या मशीनचा जुना फूट काढून पर्समध्ये टाका आणि दुकानात दोन्ही शेजारी धरून उंची बघा. कुणाच्या "सगळ्याला बसतो"वर जाऊ नका.

मग चिडून साध्या एकबाजूच्या चेन-फूटनेच बसवायचं ठरवलं. चेन पूर्ण उघडली आणि उलट्या बाजूने, कोमट इस्त्रीच्या टोकाने मुडपलेले दात सपाट उघडून घेतले. इस्त्री कोमटच हवी, दात नायलॉनचे असतात. मग हाताने कच्चा दोरा घालून चेन पक्की केली आणि सुई दातांच्या कडेकडेने नेली. एका बाजूला छान झालं, दुसऱ्या बाजूलाही. मी खूश होऊन रनर वर ओढला. तो आला, आला आणि कंबरेपाशी थांबला.

उसवलं. पुन्हा शिवलं, शिलाई दातांपासून केसभर लांब ठेवून. पुन्हा तिथेच अडला. दुसऱ्यांदा उसवताना मला रडू यायचं बाकी होतं. आईने चष्मा लावून तो जोड दोन बोटांत चेपून पाहिला आणि म्हणाली, "चेनला काय नावं ठेवतेस, इथे गादी झालीय बघ." खरंच होती. घेराच्या हावेने मी 44 इंची पन्ह्याचे, म्हणजे कापडाच्या पूर्ण रुंदीचे, दोन अख्खे तुकडे घातले होते. पुढच्या बाजूचे 44 इंच 16 इंचांत कोंबले, म्हणजे पावणेतीनपट चुण्या, त्याही अगदी शिवणीपर्यंत. वर त्या जोडाची माया एकाच बाजूला दुमडलेली. एवढ्या थरांवरून तो बिचारा रनर चढणार कसा?

उपाय अर्ध्या तासाचा निघाला. चेनच्या दोन्ही बाजूंना इंच-इंच चुण्या सोडवून मधल्या भागात सरकवल्या, तेवढी जागा सपाट केली. जोडाची माया चेनपाशी वर-खाली उघडून दाबली आणि कोपरा तिरका छाटला. रनर सुळकन वर. दुपटीचा घेर घेतला असता तरी पुरलं असतं, पण गिरकी घेतल्यावर पावणेतीनपटीचा पश्चात्ताप होत नाही, हेही खरं.

हो, कापडाचं सांगायचं राहिलं. या फुलांचे देठ सगळे एकाच दिशेला होते. अशा छापात तुकडे उलटसुलट बसवून कापड वाचवता येत नाही. तीन मीटर ठरवलं होतं, साडेतीन लागलं. आणि सुती कापड कापण्याआधी भिजवून, वाळवून घ्या. मी घेतलं होतं, तेवढं एक नीट केलं.

डावीकडे चेन, म्हणून खिसा एकच, उजवीकडे. लोकलचा पास आणि फोन मावतो, फक्त फोन ठेवला की घेर त्या बाजूला जरा लोंबतो.