पिकासोची शाळकरी वयातली चित्रं

पिकासोचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, अहो तो चौदाव्या वर्षीच मोठ्या मोठ्या चित्रकारांसारखं काढायचा, जन्मजात देणगी होती ती. देणगी होतीच, वादच नाही, पण त्याची तेरा ते सोळा वयातली चित्रं एकेक करून नीट बघत गेलं ना की मला तरी त्यात सगळ्यात आधी मेहनत दिसते, आणि घरात बसलेला एक कडक ड्रॉइंग मास्तर दिसतो.

तो मास्तर म्हणजे त्याचे वडील, होसे रुईझ. माणूस चित्रकलेचा शिक्षक, स्वतः कबुतरं रंगवायचा. पाब्लो १८८१ चा, जन्म मलागाचा, आणि १८९१ मध्ये वडिलांना नोकरी लागली म्हणून सगळं कुटुंब स्पेनच्या पार वरच्या टोकाला ला कोरुन्याला गेलं. तिथल्या कलाशाळेत वडील शिकवायला आणि पोरगा शिकायला. त्या काळातली कोळशाने काढलेली प्लास्टरच्या पुतळ्यांची ड्रॉइंग्ज आहेत, हात, पाय, धड, सगळं घोटून घोटून केलेलं. आपल्याकडे मुंबईच्या जेजे कलाशाळेत पण पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं, अँटिक म्हणजे जुन्या शिल्पाची प्लास्टरची प्रतिकृती समोर ठेवायची आणि शेडिंग करत बसायचं, त्यामुळे ज्यांनी ते केलंय त्यांना ही पानं बघून हात बसवायला काय लागतं ते लगेच कळेल. उजेड कुठून येतो, सावली कुठे गडद होते, कडेला परत थोडा उजेड कसा चढतो, सगळं जागच्या जागी. सुंदर आहेत, पण हुशार विद्यार्थ्याची आहेत.

आणि त्याच वेळी हाच पोरगा शाळेच्या पुस्तकांच्या समासात काय वाट्टेल ते काढत होता, कबुतरं, गाढवं, भांडणारी माणसं. घरच्या घरी हाताने वर्तमानपत्रं पण काढायचा, एकाचं नाव 'आसूल इ ब्लांको' म्हणजे निळा आणि पांढरा, दुसरं 'ला कोरुन्या', त्यात ला कोरुन्यातल्या पाऊसवाऱ्याची व्यंगचित्रं, आणि जातिवंत कबुतरं विकत घेतली जातील अशी जाहिरातसुद्धा! बारा-तेरा वर्षांच्या पोराचा हा कारभार. मला त्या पुतळ्यांपेक्षा ही पानं जास्त जवळची वाटतात कारण इथे तो कोणाला दाखवायला काढत नाहीये, रेघ कशी भराभर पळते.

१८९५ च्या जानेवारीत त्याची सात वर्षांची बहीण कोंचिता घटसर्पाने गेली. त्याच वर्षी ला कोरुन्यात त्याने 'अनवाणी मुलगी' रंगवली, तेराव्या वर्षी. हे चित्र जरूर शोधून बघा. लालसर फ्रॉक, खांद्यावर शाल, हात मांडीवर ठेवून एक गरीब घरातली पोर खुर्चीत बसलीये आणि सरळ आपल्याकडे बघतेय, डोळे मोठे, काळे. पण माझी नजर दरवेळी पायांवर जाते. चेहऱ्याच्या मानाने ते पाय केवढे जड, रुंद, जमिनीवर टेकलेले, काम करणाऱ्या बाईचे वाटावेत असे. वडिलांच्या शिस्तीत पाय असे काढून चालले असते का माहीत नाही, पण पोराला ते असेच दिसले आणि त्याने ते गोंडस केले नाहीत. हे चित्र त्याने पुढे आयुष्यभर स्वतःकडे ठेवलं, आता ते पॅरिसच्या पिकासो म्युझियममध्ये आहे.

त्या वर्षी घर बार्सिलोनाला हललं आणि तो तिथल्या ला योत्जा कलाशाळेत थेट वरच्या वर्गात बसला. मग वडिलांनी ठरवून प्रदर्शनासाठी मोठी चित्रं करायला लावली. १८९६ चं 'पहिलं कम्युनियन', म्हणजे चर्चमधला एक धार्मिक विधी, त्यात मॉडेल बहीण लोला, आणि १८९७ चं 'विज्ञान आणि दया', जवळपास दोन मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद कॅनव्हास! आजारी बाई पलंगावर, एका बाजूला नाडी बघणारा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला लेकरू कडेवर घेतलेली नन. डॉक्टर म्हणून वडीलच बसलेत. त्याआधी कितीतरी छोटी कच्ची चित्रं केली, पलंग फिरवून बघितला, माणसं हलवून बघितली. माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात उल्लेखनीय म्हणून नाव आलं, मलागात सुवर्णपदक मिळालं. पंधरा वर्षांच्या पोराने हे केलं म्हटल्यावर थक्क व्हायला होतं, खरंच होतं, पण चित्रासमोर मन रेंगाळत नाही. सगळं बरोबर आहे, आणि सगळं वडिलांचं आहे. त्या अनवाणी पोरीच्या पायांत जे आहे ते या एवढ्या मोठ्या कॅनव्हासमध्ये मला सापडत नाही.

पुढे माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीत घातलं तर तिथे वर्गात फारसा बसलाच नाही, प्राडो म्युझियममध्ये जाऊन जुना स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझ याची चित्रं बघायचा. १८९८ मध्ये आजारी पडून परत आला आणि मित्राच्या गावी ओर्ताला जाऊन कित्येक महिने राहिला, शेतकरी, घरं, जनावरं काढत.

यातलं बरंचसं आज बघायला मिळतं कारण ते घरच्यांनी जपलं. १९७० मध्ये पिकासोने बार्सिलोनाच्या पिकासो म्युझियमला नऊशेच्या वर कामं देऊन टाकली, त्यात ती रेघोट्या मारलेली शाळेची पुस्तकं पण आली. तिकडे गेलात तर मोठ्या कॅनव्हाससमोर गर्दी असेल, ती पुस्तकं मांडलेली असली तर आधी तिकडे जा.