बिल्ला तोच होता

बारावीच्या अर्थशास्त्राच्या वर्गात जागतिकीकरणाचा धडा आला की दर वर्षी कुणीतरी विचारतंच. "मॅडम, शरद जोशी आधी कांद्याला भाव द्या म्हणून रस्ते अडवायचे ना? मग ते जागतिक व्यापार खुला करायच्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूने कसे गेले? मध्ये काय झालं?" स्टाफरूममध्ये हाच प्रश्न जरा खालच्या आवाजात येतो आणि त्याचं उत्तरही विचारणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. मी निफाड तालुक्यातली, जोशींच्या शेतकरी संघटनेच्या घरातली, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मला हे विचारायचं नाही तर कुणाला? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

आमच्या घरी शरद जोशींना कुणी नावाने हाक मारत नसे. ते 'साहेब'. आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, सदऱ्याच्या खिशावर संघटनेचा लाल बिल्ला असे आणि सदरा धुवायला टाकताना आई तो काढून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवायची. 1980 च्या नोव्हेंबरात ऊस आणि कांद्याचं आंदोलन पेटलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. आप्पा सात दिवस तुरुंगात होते. खेरवाडीला गोळीबार झाला, माणसं गेली, हे चुलीपाशी मोठी माणसं बोलत होती आणि आम्हाला झोपायला पाठवत होती. माझ्यासाठी शरद जोशी हे असे घरातून सुरू होतात, पुस्तकातून नाही. त्यामुळे मी तटस्थ आहे असं समजू नका.

पण माणूस मुळात शेतकरी नव्हताच. 3 सप्टेंबर 1935 ला साताऱ्यात जन्म, मुंबईच्या सिडनॅम कॉलेजातून कॉमर्स, 1958 मध्ये टपाल खात्याची वरिष्ठ सेवा. 1968 मध्ये स्वित्झर्लंडला, बर्नमध्ये, जागतिक टपाल संघटनेच्या मुख्यालयात. तिथे जवळपास आठ वर्षं. ही नोकरी चरित्रकार दोन ओळींत आटपतात, पण मला तीच राहून राहून आठवते. 1874 च्या बर्नच्या करारात एक विलक्षण कलम आहे: टपालापुरते सगळे सदस्य देश मिळून एकच प्रदेश मानायचा. म्हणजे लासलगावात टाकलेलं पाकीट पॅरिसला पोचेपर्यंत वाटेतला कुठलाही देश त्याला अडवणार नाही. ज्या माणसाने इतकी वर्षं पत्रं बिनबोभाट सरहद्दी ओलांडताना पाहिली, त्याने परत येऊन पाहिलं काय, तर चाकणच्या कांद्याला मुंबई बंदरातून बाहेर पडायला बंदी! हा संबंध त्यांनी स्वतः कुठे जोडलाय असं नाही. तो माझा आहे.

गरीब देशांचं दारिद्र्य यावर तिथे चालणाऱ्या चर्चांचा त्यांना उबग आला. 1976 च्या सुमारास ते बायको लीलाताई आणि दोन मुलींना घेऊन परतले आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाणला तेवीस-साडेतेवीस एकर कोरडवाहू जमीन घेतली. त्यांचं 'अंगारमळा' नावाचं शेत ते हेच. त्यांना बघायचं होतं की एवढ्या देशाचं पोट भरणारा माणूस स्वतः भिकेला का लागतो. आळशी आहे? अडाणी आहे? दारू पितो? लग्नात उधळतो? शहरातली उत्तरं तेव्हाही हीच होती.

मग त्यांनी काकडी लावली, ती बाजारात पाठवली आणि काही दिवसांनी उलटी पट्टी आली.

ज्यांना उलटी पट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आडत्याकडून मालाचा हिशेब येतो त्या कागदाला पट्टी म्हणतात. वरती वजन, भाव आणि रक्कम, खाली वजावट: हमाली, तोलाई, आडत, गाडीभाडं. वरच्या रकमेपेक्षा खालची जास्त भरली तर पट्टी उलटी होते. मग माल तुम्ही द्यायचा आणि वर पैसेही तुम्हीच द्यायचे. आप्पांकडे अशी एक पट्टी होती, पिवळा पातळ कागद, कार्बनची निळी अक्षरं, शेवटी 'येणे' खोडून 'देणे' लिहिलेलं. ते ती कुणी पाहुणा आला की दाखवायचे, जशी लोक मुलाची गुणपत्रिका दाखवतात. बर्नमधल्या पगाराचा माणूस आणि आमचे सातवी शिकलेले आप्पा एकाच कागदापाशी येऊन भेटले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. 1978 च्या आसपास चाकणच्या बाजारात कांदा मातीमोल झाला, तो पाऊस पडला म्हणून नाही आणि कुणी कांदा खायचा बंद केला म्हणूनही नाही. निर्यात बंद केली म्हणून. जोशींचं सगळं अर्थशास्त्र या एका निरीक्षणातून उभं राहिलं. शेतमालाचा भाव पडत नाही, पाडला जातो. शहरातली मजुरी स्वस्त राहावी, कारखान्याला कच्चा माल स्वस्त मिळावा, म्हणून निर्यातबंदी, जिल्ह्याबाहेर माल न्यायला जिल्हाबंदी, सरकारी भावात सक्तीची लेव्ही, ऊस ठरलेल्या कारखान्यालाच घालायची झोनबंदी, कापसाची एकाधिकार खरेदी अशी एकामागून एक हत्यारं वापरली जातात. 1979 मध्ये चाकणला शेतकरी संघटना उभी राहिली ती या विचारावर. सोव्हिएत रशियात प्रिओब्राझेन्स्की या अर्थतज्ज्ञाने उघड सांगितलं होतं की समाजवादी उद्योगांचं भांडवल शेतीतून काढावं लागेल. आपल्याकडे ते न सांगता चाललंय, असं जोशी शिबिरांतून शिकवायचे, खळ्यात बसलेल्या माणसांना, प्रिओब्राझेन्स्की या नावासकट. आप्पांना ते नाव कधीच नीट उच्चारता आलं नाही. मुद्दा मात्र माझ्या एम. ए. च्या प्राध्यापकांपेक्षा त्यांना बरा कळला होता.

त्यांच्या घोषणा आठवा. 'भीक नको, हवे घामाचे दाम.' 'शेतकऱ्याचे मरण, हेच सरकारचे धोरण.' दुसरीतला शेवटचा शब्द बघा. दुष्काळ नाही, नशीब नाही, सावकारही नाही. धोरण. रस्त्यावर बसलेला शेतकरी सरकारपुढे हात पसरत नव्हता. माझ्या खिशातला तुझा हात काढ, एवढंच तो म्हणत होता. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, कारण दोन्हींत एक माणूस रस्त्यावर बसलेला असतो आणि समोर पोलिसांची गाडी असते.

डिसेंबर 1991 मध्ये गॅटचे, म्हणजे जागतिक व्यापाराच्या कराराचे, महासंचालक आर्थर डंकेल यांचा मसुदा आला आणि देशभरातल्या शेतकरी नेत्यांमध्ये उभी फूट पडली. कर्नाटकात नंजुंडस्वामींच्या रयत संघाने 1992 च्या डिसेंबरात बंगळुरूतलं कारगिल सीड्स या परदेशी बियाणे कंपनीचं कार्यालय फोडलं. उत्तरेतले शेतकरी नेते महेंद्रसिंह टिकैत यांच्याशी जोशींचं 1989 मध्ये दिल्लीच्या बोट क्लबवरच, भर सभेत, फाटलेलं होतं. डावे, समाजवादी, स्वदेशीवाले, सगळे डंकेलच्या विरोधात. बाजूने उभा राहिलेला सगळ्यात मोठा शेतकरी नेता मात्र आमचा.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. डंकेल सांगतो की सरकारांनी शेतीला द्यायच्या अनुदानाला मर्यादा घाला. अमेरिका, युरोप आपल्या शेतकऱ्याला भरमसाट देतात, त्यांना ती लागू होऊ दे. आपलं काय जाणार आहे? भारत सरकारने स्वतःच दिलेल्या हिशेबात इथल्या शेतकऱ्याचं अनुदान उणे निघालं होतं. म्हणजे जगात जो भाव होता त्यापेक्षा कमी भाव इथे मिळावा अशी सोय करून ठेवलेली. 'उणे 72 टक्के' हा आकडा आप्पांना पाढ्यासारखा पाठ होता. ज्याचं अनुदान उणे आहे त्याला मर्यादेची भीती कसली? मी तेव्हा नाशिकला कॉलेजात होते, डंकेलविरोधी मोर्चात गेले होते, आणि घरी येऊन आप्पांशी तावातावाने भांडले. बियाणं विकत घ्यावं लागेल, परदेशी कंपन्या गिळतील, सगळं सांगितलं. त्यांनी फळीवरून पट्टी काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि जेवत राहिले.

तर पलटले का? नाही. चाकणला जे मागितलं तेच जिनिव्हातून येतंय असं त्यांना दिसलं, एवढंच. 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, तो राजाजींच्या, खुल्या बाजाराची बाजू घेणाऱ्या स्वतंत्र पक्षाचा वारसा सांगणारा. 'खुल्या व्यवस्थेकडे खुल्या मनाने' हे पुस्तकही त्याच विचारातलं. 2001 मध्ये गुजरातेत परवानगी नसलेलं बीटी, म्हणजे जनुक बदललेल्या, कापसाचं पीक उभं सापडलं आणि ते जाळून टाका असा सूर निघाला, तेव्हा शेतकऱ्याला तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य हवं म्हणून जोशी त्या पिकाच्या बाजूने उभे राहिले. पुढच्याच मार्चमध्ये बीटी कापसाला देशात अधिकृत मान्यता मिळाली. राज्यसभेत (2004 ते 2010) गेल्यावर आपल्या पक्षाला समाजवादाची शपथ का घ्यावी लागते यावर भांडले, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे नोंदणी करताना प्रत्येक पक्षाला ती घ्यावीच लागते. ज्याला समाजवाद मान्यच नाही त्याने खोटी शपथ घेऊन राजकारण सुरू करायचं, ही गंमत त्यांना सहन होत नव्हती. निवडणुकांबद्दल फार लिहीत नाही. लोक सभेला लाखांनी यायचे आणि मतं दुसऱ्याला द्यायचे.

मला जास्त बोचतो तो दुसराच प्रसंग. मार्च 2010. महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत 186 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झालं. तो एक म्हणजे शरद जोशी. आणि नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवणारेही तेच. आमची आई त्या अधिवेशनाला ट्रॉलीत बसून गेली होती, फडक्यात भाकरी-ठेचा बांधून, नवऱ्याची परवानगी न विचारता. आप्पाच ट्रॅक्टर चालवत होते, पण तरीही विचारलं नाही, असं ती आवर्जून सांगते. पुढे लक्ष्मीमुक्ती या मोहिमेत संघटनेने हजारो घरांत जमिनीचा तुकडा बाईच्या नावावर करून दिला. सरकारचा कायदा नव्हता, दट्ट्या नव्हता, माणसं आपणहून तलाठ्याकडे गेली. आमच्या दीड एकराच्या सातबाऱ्यावर आईचं नाव तेव्हा लागलं. राखीव मतदारसंघ सोडतीने फिरते ठेवले तर कुणीच तिथे मूळ धरणार नाही, हा जोशींचा विधेयकावरचा आक्षेप. तो मला तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "साहेबांचं चुकलं असंल. सातबारा हाय ना?"

तुमच्यापैकी एकाने मला लिहिलं होतं, पगार अनुदानित कॉलेजचा आणि तोंडी खुला बाजार. बरोबर आहे. जोशींच्या विचाराचं ओझं वाहायला मी फार सोयीच्या जागी बसले आहे. त्यांच्याही वाटेवर हे खड्डे होतेच. ज्यांनी सरकार हीच समस्या म्हटलं, तेच विश्वनाथ प्रताप सिंहांच्या काळात कृषी सल्लागार समितीचे अध्यक्ष होते आणि कर्जमुक्तीही मागत होते. याचं उत्तर ते देत: हे कर्ज धोरणाने लादलंय, ते फेडायचं शेतकऱ्यावर येतच नाही. तर्क म्हणून ते बसतं. गावात मात्र लोकांनी त्यातला तर्क सोडला आणि माफी तेवढी लक्षात ठेवली.

12 डिसेंबर 2015 ला पुण्यात ते गेले. चाकणला अलीकडे कधी गेला आहात? ज्या पुणे-नाशिक रस्त्यावर कांद्याच्या गाड्या आडव्या लावल्या होत्या, तिथे आता फोक्सवॅगन आणि मर्सिडीजच्या कारखान्यांकडे जाणारे कंटेनर तासन्‌तास अडकलेले असतात. जागतिकीकरण आलं, अगदी आंबेठाणच्या दारात आलं. मोटारी ये-जा करतात.

कांद्याचं मात्र 8 डिसेंबर 2023 ला पुन्हा तेच. सकाळी निर्यातबंदी लागू झाली, तेव्हा भाऊ ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीच्या रांगेत होता. लिलाव बंद पडले. संध्याकाळी भरलेली ट्रॉली परत अंगणात आली आणि मी फोनवर आप्पांशी बोलत होते. आता त्यांना कमी ऐकू येतं. मी ओरडून म्हटलं, "आप्पा, साहेब हेच सांगत होते!"

"सांगत होते," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण सरकारनं निदान सोयाबीनला हमीभाव तरी द्यावा का नाही?"

मी म्हटलं, "आप्पा, बिल्ला कुठंय?"

"आहे की फळीवर," ते म्हणाले, आणि ट्रॉलीवर ताडपत्री टाकायला भावाला हाक मारली.