पद्मिनी बघायला गेलात तर आधी गाडीखाली शिरा

ठाण्यात आणि नवी मुंबईत विकायला असलेल्या जुन्या फियाट आणि पद्मिनी बहुतेक 'फुल रिस्टोअर्ड' या बिरुदाखालीच दाखवल्या जातात. दुरंगी ताजा रंग, पांढऱ्या पट्ट्याचे टायर, आरशासारखा बंपर. सांगितलेली किंमतही त्या रंगाचीच असते. माझं मत अगदी उलट आहे. या गाडीची किंमत पत्र्यात आणि कागदात असते. इंजिन पुन्हा बांधता येतं, गिअरबॉक्स शोधला तर सापडतो, सीटा शिवून मिळतात. सडलेला तळ आणि न जुळणारा चॅसिस नंबर यांना मात्र स्वस्तातला इलाज नाही.

याचं कारण गाडीच्या बांधणीत आहे. फियाट ११०० डिलाइट १९६४ पासून प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली, आणि पुढे १९७४ च्या सुमारास तीच गाडी पद्मिनी झाली. स्टँडर्ड हेराल्डला जशी वेगळी चॅसिस असते तशी हिला नाही. बॉडी हाच सांगाडा. दाराखालून लांबलचक जाणारा पोकळ बॉक्स, ज्याला गॅरेजवाले सिल म्हणतात, तो आणि फ्लोअर मिळून सगळं वजन पेलतात. त्यात आपल्याकडे खाडीची खारट हवा, चार महिने पाऊस आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये साचणारं पाणी. पुण्यात तीस वर्षं टिकलेला पत्रा कोपरखैरण्यात तेवढा टिकेलच असं नाही.

म्हणून पहिलं काम खालून. जॅक आणि स्टँड लावून गाडी उचला, किंवा जवळच्या सर्व्हिस स्टेशनच्या रॅम्पवर चढवायला सांगा. विकणारा याला नाही म्हणाला तर तिथेच थांबावं. जॅक लावताना दार नीट बंद असू द्या आणि दाराच्या मागच्या कडेची फट बघत राहा. सिल मजबूत असेल तर गाडी उचलल्यावर फट बदलत नाही. वरून अरुंद आणि खालून रुंद होऊ लागली, किंवा उचललेल्या अवस्थेत दार उघडल्यावर पुन्हा लागेना, तर सिल आतून गेलेला आहे, बाहेरून कितीही गुळगुळीत दिसो. जॅक लावायच्या जागी पत्रा करकरला तर तीच गोष्ट.

खाली टॉर्च मारून पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे बॉडीला टांगतात ते ब्रॅकेट, डिकीतली स्टेपनीची जागा, बॅटरीचा ट्रे, हेडलाइटच्या मागची वाटी, पुढच्या काचेच्या फ्रेमचे खालचे कोपरे आणि दारांच्या खालच्या कडा. पाट्याचं ब्रॅकेट सर्वांत महत्त्वाचं. तिथला पत्रा गेला तर मागचा ॲक्सल बॉडीत घुसतो. बोथट स्क्रूड्रायव्हरने टोकून बघा. घट्ट आवाज आला तर पत्रा, भद्द आवाज आला तर आत लांबी (खड्डे भरायची पुटी) किंवा गंजाचा भुगा. सगळीकडे ताजा काळा अंडरकोट मारलेला असेल तर मी त्याला गुण देत नाही, उलट शंका घेतो. चांगलं काम केलेला माणूस वेल्डिंग दाखवायला उत्सुक असतो, तो ते डांबराखाली पुरत नाही.

वेल्डिंग कसं वाचायचं? कारखान्यातले स्पॉट वेल्ड म्हणजे सारख्या अंतरावर बसलेले छोटे गोल खळगे. दुरुस्तीत सीओटू वेल्डिंगचे गुठळे दिसतील, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते जुना सडलेला पत्रा न कापता त्यावर नवा तुकडा चढवणं. दोन पत्र्यांच्या मधल्या खिशात पाणी राहतं, गंज आतून खात राहतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत नवा तुकडाही जातो. तुकड्याची कड बोटाने चाचपा. एकावर एक पायरी लागली तर ठिगळ आहे. समोरासमोर जुळवून, घासून सपाट केलेला जोड असेल तर डेंटरने वेळ दिलाय.

आता वरचा रंग. पातळ सुती कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक सगळ्या पॅनेलवर फिरवा, विशेषतः खालच्या एक वीत भागावर आणि चाकांच्या कमानींवर. एका ठिकाणी घट्ट चिकटलं आणि शेजारी घसरलं तर तिथे लांबी जाड आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर आणखी उत्तम: पत्र्यापासून नीट केलेला रंग साधारण २०० ते ३०० मायक्रॉनच्या आसपास येतो, ५०० च्या पुढे लांबी बोलू लागते, आणि १००० च्या वर गेलं तर तो भाग पत्र्याचा कमी नि लांबीचा जास्त आहे. पातळ लांबी वाईट नाही. तेवढी ती हवीच, कारण हाताने ठोकलेला पत्रा काचेसारखा सपाट होत नाही. त्याहून जाड लांबी उन्हात आणि धक्क्यांनी तडकते.

रंग कोणत्या महिन्यात झाला ते जरूर विचारा. पॉलिएस्टर लांबी सच्छिद्र असते. जुलैत ओल्या हवेत उघडी ठेवली किंवा पाणी लावून घासली तर ती ओल धरते, वरून रंग बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात खालून फोड येतात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पावसाळी हवेत मारला तर त्यावर पांढुरकी झाक येते आणि पॉलिश केली तरी पुन्हा डोकं वर काढते. योग्य क्रम असा: पत्रा उघडा करून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, मग लांबी, सर्फेसर (घासून सपाट करायचा थर), ३२० च्या कागदाने लाकडी ठोकळ्यावर घासणं, नंतर ६०० ने, मग पीयू (पॉलियुरेथेन) बेस आणि दोन-तीन हात क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. ॲसिड असलेल्या एचिंग प्रायमरवर थेट लांबी मारली तर ती धड पकडत नाही. हार्डनर जास्त घातला, म्हणजे लांबीच्या साधारण दोन टक्क्यांहून अधिक, तर काही महिन्यांनी फिकट रंगातून पिवळसर डाग वर येतात. पांढऱ्या किंवा क्रीम गाडीच्या दारावर असा डाग दिसला तर कारण बहुधा हेच.

फटींबद्दल थोडं. कारखान्यातून आलेली पद्मिनीसुद्धा मोजून केलेली नव्हती, त्यामुळे बोनेटच्या दोन बाजूंना एखाद-दोन मिलिमीटरचा फरक असला तर बिघडत नाही. डावी-उजवी तुलना करा आणि दार उघडून कडेने वर उचलून पाहा. हलत असेल तर बिजागरीची पिन झिजली आहे, ते लेथवर सहज होतं. दार हलत नाही पण लोंबतं, तर पिलरकडे, म्हणजे दार टांगलेल्या खांबाकडे बघा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे ही गाडी आधी टॅक्सी होती का. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि २० वर्षांची मर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. टॅक्सीचे यांत्रिक भाग वापरायला हरकत नाही. खरी भीती टॅक्सीच्या बॉडीवर दुसऱ्या खासगी गाडीचे कागद चढवल्याची असते. खुणा बघा: डाव्या पुढच्या मडगार्डवर मीटरसाठी पाडलेली आणि नंतर बुजवलेली भोकं, छतावर कॅरिअरच्या जागा, डिकीत सीएनजी सिलिंडरच्या ब्रॅकेटचे बोल्ट. डॅशबोर्डच्या खालून, बिजागरीच्या मागे, कार्पेट उचलून फ्लोअरच्या कोपऱ्यात नखाने खरवडा. काळा-पिवळा रंग तिथे लपून राहतोच, कारण पेंटर एवढं खोल जात नाही. रंगाखाली रंग सापडला आणि आरसी बुकात गाडी पहिल्यापासून खासगी असेल तर उत्तर मागा.

चॅसिस नंबर इंजिनाच्या खोलीत पत्र्यावर ठोकलेला असतो. कापसाला थोडं डिझेल लावून पुसा. सगळे आकडे सारख्या खोलीचे आणि एका रेषेत हवेत. आजूबाजूला घासल्याच्या रेघा, वेल्डिंगची कड किंवा तेवढ्याच जागी जाड रंग दिसला तर व्यवहार नको. इंजिन नंबरही आरसीशी जुळवा. १९८९ च्या आधीचे तीन अक्षरी नंबर अनेकदा सरकारच्या 'वाहन' या नोंदणी पोर्टलवर नसतात, त्यासाठी ज्या आरटीओत मूळ नोंद आहे तिथे बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद पोर्टलवर चढवणं) करून घ्यावी लागते. ठाण्याच्या एमएच ०४ मध्ये असो वा वाशीच्या एमएच ४३ मध्ये, हे काम विकणाऱ्याने स्वतःच्या नावावर असतानाच पूर्ण करावं.

इंजिन तसं साधं आहे: १०८९ सीसी, बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. बघायला जाण्याआधी फोनवरच सांगा की गाडी तापवून ठेवू नका. थंड इंजिन सुरू करताना पाहायचंय. चोकवर उचलून मिनिटा-दोन मिनिटांत स्थिर व्हायला हवं. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. चार सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त तफावत नको. एक कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या: आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. 'इंजिन नवीन बांधलंय' या वाक्याला लेथवाल्याच्या बिलाशिवाय किंमत देऊ नका. बिलावर पिस्टनचा ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा किती मोठा) लिहिलेला असतो. ब्लॉक एक मिलिमीटरने वाढला असेल तर पुढच्या वेळी स्लीव्हचाच (सिलिंडरमध्ये बसवायच्या नळीचाच) खर्च.

चालवायला दोन रस्ते उत्तम. रविवारी पहाटे घोडबंदर रस्त्याला गायमुखचा चढ घ्या आणि उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडा. गिअर उडाला तर गिअरबॉक्स खोलावा लागेल. मागे निळा धूर निघाला तर व्हॉल्व्ह गाइड किंवा रिंगा संपल्यात. पाम बीच रस्त्यावर ५० ते ६० च्या वेगात सीटखालून थरथर आली तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बघा, आणि स्टिअरिंगमध्ये आली तर चाकांचा बॅलन्स आणि किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन). चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, त्यामुळे एका बाजूला ओढ आली की बहुधा व्हील सिलिंडर गळतोय. जाता जाता एक: २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबरी पाइपांना आणि पंपाच्या डायफ्रामला फुगवतं. रिस्टोरेशनमध्ये पेट्रोलचे पाइप बदलले का, आणि कोणते घातले, हे विचारलंत तर समोरच्याची समज लगेच कळते.

क्रोमकडे लोक फार बघतात. आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असं केलेलं काम निळसर चमकतं. नुसतं निकेल पिवळट दिसतं आणि एका पावसाळ्यात डागाळतं. बंपरच्या आतल्या बाजूला हात फिरवा, तिथेच कामाचा दर्जा उघडा पडतो. जुन्या डिलाइटची जाळी, बिल्ले, टेल लॅम्प आणि पट्ट्या पूर्ण असतील तर मी त्याला इंजिनापेक्षा जास्त भाव देईन, कारण यांत्रिक भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला अजून सापडतात, हे सापडत नाहीत.

आता कस्टम गाड्या. मी बदलांची विभागणी एकाच प्रश्नावर करतो: हे परत मूळ स्थितीत आणता येतं का? डायनमोऐवजी अल्टरनेटर, हेडलाइटला रिले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हे बोल्टवरचे बदल आहेत, गाडी रोज वापरायला बरी होते आणि किंमत कमी होत नाही. मारुतीचं इंजिन बसवणं वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. नोंद नसलेलं इंजिन म्हणजे अपघातानंतर विम्याचा दावा अडकणं. शिवाय २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, खासगी आणि मूळ रूपातल्या गाड्यांना व्हीए मालिकेतली व्हिंटेज नोंदणी दिली, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार केला की हा रस्ताच बंद. अर्थात व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, तेव्हा वापर आधी ठरवा.

डिस्क ब्रेक बसवलेत असं सांगितलं तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणारा) कोणता, ते विचारा. ड्रमच्या मास्टरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच ठेवला की डिस्कचे पॅड सतत घासत राहतात. दहा किलोमीटर चालवून चाकाजवळ हात न्या, चटका जाणवेल. आणि छत कापून ओपन केलेली पद्मिनी कितीही सुंदर दिसो, घेऊ नका. छत हा सांगाड्याचाच भाग आहे.

किंमत काढताना मी अशीच सुरुवात करतो: त्याच वर्षाची, न रंगवलेली, चालू, कागद साफ असलेली गाडी बाजारात कितीला जाते तो आकडा घ्यायचा. त्यात फक्त पुराव्यासह असलेलं काम मिळवायचं: पत्रा उघडा असतानाचे फोटो, लेथचं बिल, क्रोमचं बिल. कामाचा पूर्ण खर्च कधीच मिळवायचा नाही, साधारण निम्मा धरावा. उघड्या पत्र्याचे फोटो नसतील तर रंगाची किंमत शून्य. मग तुम्हाला करावं लागणारं काम वजा करायचं. जुना, फिका पण मूळ रंग असलेली गाडी या हिशेबात बहुतेक वेळा वर येते, आणि ते योग्यच आहे. तिच्या पत्र्यावर काय झालंय ते सगळं डोळ्यांना दिसतं.

टोकन देताना कागदावर तीन अटी लिहून घ्या: चॅसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळणं, बाहेरच्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३० वर विकणाऱ्याच्या सह्या तुमच्यासमोर. पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा रक्कम कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून पॉलिसी नावावर करण्याआधीच मूल्यांकन अहवाल करून ठेवा. उरलेली रक्कम नोंद तुमच्या नावावर चढल्यावर.